राजूरच्या माणसाशी बुर्जी

बुद्धिबळाच्या स्पर्धेला मी जिंकायला गेले नव्हते, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला खोटं वाटेल. मला समोर कुणीतरी बसायला हवं होतं, बस. तासभर तरी न उठणारं. एवढ्यासाठी नाव नोंदवून, एसटीत उभं राहून मिरजगावहून नगरला जाणारी बाई मी पहिलीच असेन. नगरचं आता अहिल्यानगर झालंय, गाडीच्या पाटीवरही तसंच लिहिलेलं असतं, पण कंडक्टर अजून ‘नगर, नगर’ असाच ओरडतो आणि मीही तिकीट तसंच मागते.

सगळी नोकरी मी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून केली. निवृत्त झाले तरी गावाला मी सिस्टरच. हायवे सोडून आत आलं की दवाखान्याच्या मागच्या गल्लीत माझ्या दोन खोल्या आहेत. लग्न झालं नाही. का नाही झालं, हे विचारणारे एकेक करून सगळे गेले, त्यामुळे तो त्रास संपला. दुसरा सुरू झाला. घरात कुणी बोलत नाही, हा तो त्रास. टीव्ही बोलतो, पण तो काय, स्वतःशीच बोलतो.

पुढच्या खोलीत एक टेबल आहे आणि त्याला समोरासमोर दोन खुर्च्या. एकीवर मी. दुसरीवर बीपीचं मशीन. सकाळी कुणी ना कुणी येतंच. ‘सिस्टर, लई गरगरतंय, बघा की जरा.’ मग मशीन टेबलावर येतं आणि माणूस खुर्चीवर बसतो. दंडाला पट्टा बांधायचा, हवा भरायची, सोडायची, आकडा सांगायचा. मी म्हणते, बस, चहा टाकते. तो म्हणतो, ‘नगं सिस्टर, गाडी चालूच ठिवलीय भायेर.’ खरंच चालू ठेवलेली असते, ऐकू येते ना मला. अरे, सिस्टरच्या घरी येताना एवढी घाई? पण बोलून काय उपयोग. मी मशीन परत खुर्चीवर ठेवते.

या खुर्चीवर पूर्वी दादा बसायचे. दादा म्हणजे माझे वडील. शिंपीकाम करायचे. बुद्धिबळाचा पट त्यांनी स्वतःच शिवला होता, एक घर शाळेच्या गणवेशाच्या खाकी कापडाचं, एक घर अस्तराच्या पांढऱ्या कापडाचं. मोहरी सुताराकडून करून घेतलेली. बाजाराच्या दिवशी कापड घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाला ते आधी पटावर बसवायचे आणि माप नंतर घ्यायचे. गिऱ्हाईक नसेल तेव्हा मी. ‘ये गं, बस समोर,’ असं म्हणायचे. त्या वेळी मला त्याचं काही वाटायचं नाही. उलट कंटाळा यायचा.

दादांचा खेळ देशी. आता स्पर्धेत खेळतात त्यापेक्षा वेगळा. आमच्याकडे प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालणार, दोन घरं उडी मारायची नाही. राजाला हत्तीच्या आड लपवायची सोय नाही, त्याऐवजी शह बसायच्या आत एकदाच त्याने घोड्यासारखी अडीच घरं जायचं. आणि तिसरी गोष्ट म्हणजे बुर्जी. ही नीट सांगते, कारण पुढे तिच्यावरच सगळं आहे.

समोरच्याचं शेवटचं मोहरं मारलं आणि त्याचा राजा पटावर एकटा उरला, की आमच्याकडे खेळ तिथेच थांबतो. ती बुर्जी. कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही, अर्धं तुझं, अर्धं माझं. म्हणजे जिंकायचं असेल तर समोरच्याचं एक तरी मोहरं जिवंत ठेवून मात द्यायची. दादा म्हणायचे, ‘एकट्या पडलेल्या राजाला मारन्यात कसली आलीय मर्दुमकी?’ मला तो नियम फार आवडायचा. आणि त्यातून दादांनी एक रीत पाडली होती. डाव शेवटाला आला आणि दुकानात गिऱ्हाईक आलं, उठावं लागलं, तर ते आपलं उरलंसुरलं मोहरं स्वतःच माझ्या मोहऱ्याच्या तोंडाशी आणून ठेवायचे. ‘घे, कर बुर्जी. मानूस खोळंबलंय.’ हरलो म्हणायचं नाही, चल थांबू म्हणायचं नाही, मोहरं पुढे करायचं. समोरच्याने ते मारायचं आणि उठू द्यायचं. असा तो मान होता.

दादा शेवटी अंथरुणावर होते तेव्हाही उशाशी पट लावून मी खेळले. ते गेले आणि समोर कुणीच राहिलं नाही. काही दिवस मी दोन्हीकडून खेळून पाहिलं, एक चाल करायची आणि उठून पलीकडे जाऊन बसायचं. गुडघे दुखायला लागले. शिवाय स्वतःला फसवता येत नाही हो, काय चाल येणार ते आधीच ठाऊक असतं. मग मोबाईलवर खेळायला शिकले. नवे नियम तिथेच कळले. पण मोबाईलवरचा माणूस म्हणजे काय, तर नावाशेजारी देशाचा एक झेंडा आणि गुणांचा एक आकडा. हरायला लागला की मेला बंद करून पळून जातो. जाताना येतो सुद्धा म्हणत नाही.

नगरच्या स्टँडवर फ्लेक्स पाहिला, खुली बुद्धिबळ स्पर्धा, सर्व वयोगट. मोठे डाव, घाईचे नाहीत. मी तिथल्या तिथे उभी राहून फोन लावला. पलीकडच्या पोराने विचारलं, ‘खेळाडूचं वय?’ मी सांगितलं. तो म्हणाला, ‘नाही आजी, तुमचं नाही, खेळाडूचं.’ असा राग आला! पण नाव नोंदवलं.

स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. एरवी जिथे पंगती बसतात तिथे लांबच लांब टेबलं, त्यांवर पट, प्रत्येक पटाशेजारी घड्याळ. पहिल्याच डावात मी राजा अडीच घरं उडवला. समोर कॉलेजची मुलगी होती, तिने हात वर करून पंचाला बोलावलं. पंच म्हणजे तरुण माणूस, गळ्यात ओळखपत्र. म्हणाला, ‘आजी, राजा असा नाही जात.’ मी म्हटलं, आमचा जातो. आजूबाजूचे चार-पाच हसले. नियम मोबाईलवर शिकले होते हो, पण हातात खरा लाकडी राजा आला की हात दादांचाच होतो. दुसऱ्या डावात मी मोठ्यांदा ‘शह!’ म्हणाले, तर सगळ्या हॉलने मान वर केली. इथे शह तोंडाने द्यायचा नसतो म्हणे. काही बोलायचंच नसतं. मला हसू आलं. घरी कुणी नाही म्हणून बोलत नाही, आणि इथे एवढी माणसं असून बोलायचं नाही!

सुरुवात मात्र मी प्रत्येक डावात माझीच केली. वजिराच्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर पुढे. मग तिथे रिकाम्या झालेल्या जागेवर उंट. तिथून तो कोपऱ्यातून कोपऱ्यापर्यंत तिरका बघत बसतो. पोरं पटाच्या मध्यावर प्यादी दामटतात, मारामारी करतात, अर्ध्या तासात निकाल. दादांनी मला शिकवलं ते उलट. ‘मधी गर्दी करू नगं. मधी समदेच तडमडाया जात्यात. तू कडंला बस आन बघ.’ एका पोराने मला सांगितलं की या सुरुवातीला मोठं परदेशी नाव आहे. असेल बाबा. दादांना ते माहीत नव्हतं आणि मला ते लक्षात राहिलं नाही. मला ती सुरुवात आवडते त्याचं कारण साधं आहे. कडेने सुरू केलेला डाव लवकर संपत नाही. समोरच्याला बसून राहावं लागतं.

तरी पोरांनी लवकरच संपवले. पटापट खेळायची, पटापट उठायची. एकाने तर मला हरवून झाल्यावर ‘थँक यू आजी’ म्हटलं आणि माझ्या उत्तराची वाटही न बघता मोबाईल उघडला. पहिला दिवस असा गेला. परतीच्या एसटीत मला वाटलं, उद्या जाऊच नये. घरी आले, कुलूप उघडलं, आत पाऊल टाकलं, आणि वाटलं, जावं.

शेवटचा डाव दुसऱ्या दिवशी दुपारी होता. भिंतीवर कोण कुणाशी खेळणार त्या जोड्यांचा कागद लावला होता, मी माझा पट शोधून बसले. समोर एक म्हातारा आला. पांढरी टोपी, बिनबाह्यांचा स्वेटर, हातात कापडी पिशवी. पिशवी त्याने मांडीवर घेतली, मग खाली ठेवली, मग परत मांडीवर घेतली. मी विचारलं, कुठून आलात?

‘राजूर. अकोले तालुका.’

‘अगं बाई. लांबून.’

‘व्हय, लई लांब. पिठाची गिरण हाय आपली. तुमी?’

‘मिरजगाव.’

‘म्हंजी तुमी त्या टोकाच्या आन आमी ह्या टोकाचं,’ म्हणाला आणि हसला. खालचे दोन दात नव्हते. तेवढ्यात पंचाने सगळ्यांना शांत व्हायला सांगितलं आणि आमचं बोलणं थांबलं.

पांढरी मोहरी माझ्याकडे होती. मी घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवलं. त्याने पाहिलं. मग त्याने राजाच्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवलं. मी उंट कोपऱ्यात बसवला. त्याने तो घोडाच बाहेर काढून माझ्या उंटाच्या वाटेत उभा केला आणि घोड्याच्या मागे स्वतःचा उंट आणून ठेवला. म्हणजे दोघांचे उंट एकाच तिरक्या रेषेवर, एकमेकांकडे तोंड करून, आणि मधे तो एक घोडा. मी आणखी एक प्यादं एक घर सरकवलं. त्यानेही एकच घर.

बऱ्याच चाली झाल्या. पटाचा मध्य सगळा रिकामा. शेजारच्या पटावर तोपर्यंत निम्मी मोहरी मरून पडली होती. आणि मग माझ्या लक्षात आलं. या माणसाने अजून एकही प्यादं दोन घरं टाकलेलं नाही. मीही नाही. मी मान वर केली. त्यानेही केली. तो माझ्याकडे बघत होता आणि हळूच त्याने दोन बोटं वर करून नाही अशी हलवली. दोन घरं नाही. मी मान डोलावली. माझ्या छातीत असं काही धडधडायला लागलं की मीच माझी नाडी धरली. खोटं नाही सांगत.

बोलायची तर चोरी. नाहीतर मी त्याला किती विचारलं असतं! तुम्हाला कुणी शिकवलं? तुमच्याकडे राजा अडीच घरं जातो ना? तुमच्यासमोर कोण बसतं? सगळं तसंच तोंडात राहिलं. मग मी ते पटावर विचारलं, दुसरं काय करणार. राजा धरला, अडीच घरांवर नेल्यासारखा केला आणि हसून एकच घर सरकवला. त्याने तोंडावर हात धरला, हसू दाबायला. थोड्या वेळाने त्यानेही आपला राजा उचलून तसंच केलं. पंच आमच्या मागे येऊन उभा राहिला आणि काही कळेना म्हणून निघून गेला.

तो डाव माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला डाव. चांगला म्हणजे भारी चालींचा नव्हे. मोठ्या खेळाडूने पाहिला तर डोक्याला हात लावेल. पण समोर माणूस होता. तो विचार करायचा तेव्हा खालचा ओठ आत ओढायचा. घोडा हलवताना त्याला हलकेच आपटायचा, उंट हलवताना मात्र सरकवायचा. माझी चाल आवडली की ‘हं’ म्हणायचा. कितीतरी दिवसांत माझ्या कुठल्याही गोष्टीला कुणी ‘हं’ म्हटलं नव्हतं. मी मुद्दाम सावकाश खेळत होते. मला वाटत होतं, हा संपू नये. संध्याकाळ होऊ दे, खुर्च्या उचलू देत, दिवे लावू देत, आम्ही दोघं असेच बसलेले असू.

आणि खरंच हॉल रिकामा होत गेला. एकेक पट उठला. पोरांनी मोबाईल काढले. पलीकडे बक्षिसांचं टेबल मांडायला घेतलं, कुणीतरी माईक तपासत होतं. आमच्या पटावर मोहरी कमी झाली. दोन्ही उंट एकमेकांना खाऊन गेले. वजीर गेले. तो पहिला घोडा, दोन उंटांच्या मधे उभा राहिलेला, तेवढा टिकला. शेवटी त्याच्याकडे राजा आणि तो घोडा. माझ्याकडे राजा, एक हत्ती आणि एक प्यादं.

आताच्या नियमाने मी जिंकत होते. पण आमच्या मनातला नियम वेगळाच होता, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. घोडा मारला तर बुर्जी. जिंकायचं तर घोडा जिवंत ठेवून मात द्यायची. म्हणून मी घोड्याला वळसे घालून राजाच्या मागे लागले होते. तो घोडा आडवा घालून राजाला वाचवत होता. मजा येत होती हो! लहानपणी कंटाळा यायचा तीच मजा.

मग तो भिंतीकडे बघायला लागला. भिंतीवर मोठं घड्याळ होतं. पटाशेजारी डावाचं घड्याळ असताना हा भिंतीकडे का बघतोय? एकदा पाहिलं, मी सोडून दिलं. पुन्हा पाहिलं. पुन्हा. माझं डोकं फिरलं. कंटाळला वाटतं. सगळे सारखेच मेले, याचीही गाडी बाहेर चालूच आहे. असं मनात म्हणाले.

त्याची चाल आली. त्याने घोडा उचलला आणि माझ्या हत्तीच्या सरळ रेषेत, अगदी तोंडाशी, आणून ठेवला.

शेजारून जाणाऱ्या एका पोराने थांबून बघितलं आणि ‘अरेरे’ म्हणाला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याची चूक झाली. चूक कसली! मला त्या क्षणी दादांच्या दुकानाचा वास आला, नव्या कापडाचा. घे, कर बुर्जी. मानूस खोळंबलंय. मला स्वच्छ कळलं. आणि मी न कळल्यासारखं केलं. हत्ती बाजूला घेतला.

तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही. मग त्याने घोडा उचलला आणि परत माझ्या हत्तीच्या तोंडाशी ठेवला. या वेळी मोहऱ्यावरचं बोट लगेच काढलं नाही. हलकेच माझ्याकडे ढकलल्यासारखा केला, आणि भिंतीकडे पाहिलं, आणि पिशवीचे बंद हातात गुंडाळले.

ती नजर मी आयुष्यभर पाहिलीय. दवाखान्यात औषधाच्या रांगेत उभी असलेली माणसं असं बघतात, घरी कुणाला तरी एकटं ठेवून आलेली. कंटाळलेला माणूस असं बघत नाही. माझ्या घरी वाट बघणारं कुणी नाही, म्हणून मला एसटीची पर्वा नव्हती. त्याच्या घरी कुणीतरी होतं. मला वाटलं, आता हत्ती पुन्हा बाजूला घेतला तर हा पुन्हा घोडा आणून ठेवेल. उठून जाणार नाही. डाव अर्धा टाकून जाणाऱ्यातला नाही हा. मी त्याला हवं तेवढं बसवून ठेवू शकते. बसवून ठेवावं असं फार, फार वाटलं.

मी हत्तीने घोडा मारला.

‘बुर्जी,’ मी म्हणाले. मोठ्यांदाच म्हणाले, पंच गेला उडत.

‘बुर्जी,’ तो म्हणाला आणि दोन्ही हात जोडले.

पंच आला. त्याने पट पाहिला आणि म्हणाला, ‘काका, एकटा राजा उरलाय तुमचा. डाव सोडताय ना?’ मी म्हटलं, थांबा, बरोबरी लिहा, अर्धा-अर्धा. पंच म्हणाला, ‘आजी, तुम्ही जिंकताय!’ मी म्हटलं, मी जिंकत नाहीये, ही बुर्जी आहे, तुम्हाला कळत नसेल तर मोठ्या पंचाला बोलवा. माझा आवाज चढला. तेवढ्यात म्हाताऱ्याने पंचाच्या हातातला निकालाचा कागद ओढून स्वतःच सही ठोकली, बाई जिंकल्या म्हणून. ‘लिहू द्या ओ कागदावर काय बी. आपल्यात बुर्जी,’ म्हणाला आणि उठला.

मी त्याच्यामागे फाटकापर्यंत गेले. जवळजवळ पळतच. त्याला संगमनेरची गाडी धरायची होती, पुढे राजूरची शेवटची. रस्त्यावर तो रिक्षाला हात करत होता.

‘पुन्हा कधी येणार स्पर्धेला?’ मी विचारलं.

‘न्हाई जमायचं, बाई. आमची मंडळी अंथरुणाला खिळलीय. दोन दिस शेजारीन बसली म्हनून आलो. सारखं सारखं कुनाला सांगायचं? तिचाच हट्ट, की एकदा जाऊन खेळून या. तीच खेळायची माझ्यासंगं. आता हात हालत न्हाई तिचा.’

रिक्षा येऊन थांबली. आता बघा, एक वाक्य बोलण्याएवढा वेळ होता माझ्याकडे. मोबाईल नंबर द्या, एवढं म्हणायचं होतं. फोनवरून खेळता येतं, तुम्ही चाल सांगा, मी सांगते. सगळं डोक्यात तयार होतं. आणि मी विचारलं काय? तर, ‘पाठीला जखमा नाहीत ना झाल्या? कूस बदलता ना त्यांची?’

‘एक बी न्हाई होऊ दिली,’ तो म्हणाला. असा ताठ होऊन म्हणाला, की त्या डावात एकदाही तो एवढा ताठ बसला नव्हता. ‘दर दोन तासाला बदलतो. आज शेजारीन करती, पन तिला जमतं का न्हाई, द्येव जाने.’ रिक्षात बसला. रिक्षा गेली.

नर्सची जात, दुसरं काय. कर्म माझं.

बक्षीस समारंभात माझं नाव पुकारलं. ज्येष्ठ महिला गट, प्रथम क्रमांक. टाळ्या वाजल्या. त्या गटात दुसरी बाईच नव्हती. सगळे डाव हरले असते तरी तो सोनेरी प्लास्टिकचा चषक माझाच होता. कागदावरचा तो एक विजय नसता तरी काहीच बिघडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या गल्लीतला दूधवाला बीपी बघायला आला. चषक फ्रीजवर होता. ‘आरं तिच्यायला! सिस्टर, जिंकल्या म्हना की!’

‘बुर्जी झाली,’ मी म्हणाले.

‘म्हंजी?’

मी सांगायला लागले. राजा एकटा उरला की काय होतं, शेवटचं मोहरं कसं पुढे करतात, ते कुणी मारायचं आणि का. त्याने मान डोलावली, पण डोळे दाराकडे होते. ‘म्हंजी जिंकल्या का हारल्या?’ त्याने विचारलं. बाहेर त्याची मोटारसायकल धडधडत होती. मी पट्टा सोडला, आकडा सांगितला, मीठ कमी कर म्हणाले. तो गेला.

मिरजगावात हा शब्द कळणारं आता कुणी नाही. मला माहीत आहे तेवढ्यात एकच माणूस आहे, आणि तो जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, माझ्या उंटाच्या तिरक्या रेषेच्या पार शेवटी, बायकोची कूस बदलत बसलेला असेल. जोड्यांच्या कागदावर त्याचं नाव होतं. नाव माझ्या लक्षात आहे. राजूरला जाऊन गिरणीवाल्याचं घर विचारलं तर कुणीही दाखवेल. पण काय म्हणून जाऊ? म्हणे, डाव खेळायला आले. तिच्या उशाशी पट मांडू? तिचा हात हलत नाही आणि तिच्या जागेवर मी बसू? नाही जमायचं मला ते. त्याने घोडा दोनदा पुढे केला होता. मी मारला. रीतीने डाव संपला, आणि रीत मला कळते.

दुपारी दादांचा पट मांडला. काल जसा संपला तसाच लावला. तिकडे त्याचा राजा, एकटा. इकडे माझा राजा, हत्ती आणि प्यादं. बराच वेळ बघत बसले. समोरच्या खुर्चीवर मशीन होतं. मग ते टेबलावर घेतलं, पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला, एका हाताने नीट बांधता येत नाही, दोनदा सुटला. हवा भरली, सोडली. आकडा चांगला आला. मी तो मोठ्यांदा सांगितला.